'किरण'च्या जागी दुसरे विमान यायला इतकी वर्षे का लागावीत?

गगनवेध

तेजस, सुखोई, राफेल यांच्यावर आपल्याकडे भरभरून लिहिले जाते. परंतु ही विमाने उडवणारे वैमानिक ज्या विमानावर घडले, त्याचे नाव क्वचितच कोणाच्या ओठांवर असते. म्हणून हा धागा 'एचजेटी-१६ किरण' या प्रशिक्षण जेटविषयी काढत आहे.

हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बंगळुरूमध्ये आखलेले हे विमान ४ सप्टेंबर १९६४ रोजी प्रथम उडाले आणि १९६८ पासून हवाई दलात दाखल होऊ लागले. त्यापूर्वी आपली मुले ब्रिटिश बनावटीच्या 'व्हॅम्पायर'वर जेट उड्डाण शिकत असत. किरणचे तीन प्रकार झाले. पहिला 'मार्क १', केवळ उड्डाण शिकवण्यासाठी. दुसरा 'मार्क १ए', ज्याच्या पंखांखाली शस्त्रे टांगण्याची सोय केली गेली. आणि तिसरा 'मार्क २', ज्यात इंजिनच बदलले, नाकात दोन मशिनगन आल्या आणि पंखांखाली शस्त्रांसाठी चार जागा झाल्या. तिन्ही मिळून सुमारे अडीचशे विमाने तयार झाली आणि उत्पादन १९८९ मध्ये थांबले.

आता मला पडलेला प्रश्न मांडतो. ज्या देशाने १९६४ मध्ये स्वतःचे जेट प्रशिक्षण विमान आकाशात नेले, त्याला त्याचा वारसदार द्यायला एवढा काळ का लागावा? 'एचजेटी-३६ सितारा' हा नियोजित वारसदार ७ मार्च २००३ रोजी पहिल्यांदा उडाला. त्यानंतर दोन दशके उलटून गेली, तरी प्रशिक्षणार्थी त्यावर शिकू लागलेले नाहीत. दरम्यान किरणची उपलब्ध आयुष्यमर्यादा पुन्हा पुन्हा ताणली गेली. पैसा, धोरण, तंत्रज्ञान की इच्छाशक्ती, घोडे नेमके कुठे अडले? माझे मत असे आहे की प्रशिक्षण विमानाला आपण नेहमी दुय्यम मानत आलो आणि त्याची किंमत मोजली. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

इतिहासवेडा

उत्तम विषय. उत्तराकडे वळण्यापूर्वी या विमानाच्या कर्त्याचे नाव इथे नोंदवले पाहिजे, कारण ते नाव आपल्या मातीतले आहे. डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज भागातले. त्यांनी जर्मनीतल्या गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली. आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया ज्यांनी घातला, त्या प्रांट्ल यांचा विद्यार्थी १९४० च्या सुमारास बंगळुरूच्या नवजात विमान कारखान्यात रुजू होतो आणि भारतात आखलेल्या पहिल्यावहिल्या विमानांच्या रचनेचे नेतृत्व करतो, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत असायला हवी होती.

१९५१ मध्ये उडालेले 'एचटी-२' हे पंख्याचे प्रशिक्षण विमान त्यांचेच. किरणही त्यांच्याच नेतृत्वाखालील चमूने आखले. म्हणजे प्राथमिक शिक्षणाचे विमान आणि त्यानंतरच्या टप्प्याचे जेट, ही दोन्ही एकाच माणसाच्या देखरेखीखाली साकारली. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गगनवेध यांच्या प्रश्नाचा एक धागा इथेच आहे. किरणचे काम सुरू असताना त्याच कारखान्यात जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या 'मरुत' या लढाऊ जेटचेही काम जोरात होते. माणसे, यंत्रे आणि लक्ष, तिन्हींची ओढाताण झाली आणि प्रशिक्षण विमान मागे रेटले गेले. लढाऊ विमानासमोर प्रशिक्षण विमानाला दुसरे स्थान देण्याची सवय तेव्हापासूनची आहे.

मीनल_ब

माझ्यासारख्या वाचकांसाठी एक विचारते. किरण, सितारा, हॉक, पिलाटस ही सगळीच प्रशिक्षण विमाने असतील, तर एकानेच काम का भागत नाही?

टर्बोफॅन

मीनल_ब, प्रश्न अगदी मुळाचा आहे. उड्डाणाचे शिक्षण पायऱ्यापायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीवर पंख्याचे, कमी वेगाचे विमान असते. पूर्वी 'दीपक' होते, २०१३ पासून स्वित्झर्लंडचे 'पिलाटस पीसी-७ मार्क २' आहे. दुसऱ्या पायरीवर किरणसारखे साधे जेट. तिसऱ्या पायरीवर 'हॉक'सारखे प्रगत जेट, ज्याचा वेग आणि वागणूक लढाऊ विमानाच्या जवळ जाते. पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारली, तर जो मुलगा हळूहळू तयार झाला असता, तो गळून पडण्याची शक्यता वाढते.

जेटची स्वतःची एक शिकवण असते. पंख्याच्या विमानात थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी दांडी) पुढे सारले की ताकद जवळजवळ लगेच हाताशी येते. जुन्या टर्बोजेटमध्ये इंजिनाचे चक्र वेग घेईपर्यंत काही सेकंद जातात. उतरताना उंची कमी पडत आहे हे उशिरा लक्षात आले आणि मग थ्रॉटल ढकलले, तर ताकद येईपर्यंत जमीन जवळ आलेली असते. म्हणून विमानाच्या पुढे विचार करायचा, हे जेटवर पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावे लागते.

आता इंजिनांविषयी. किरणच्या पहिल्या दोन प्रकारांत 'व्हायपर' हे लहान टर्बोजेट होते. त्याचा रेटा सुमारे अडीच हजार पौंड. मार्क २ मध्ये 'ऑर्फियस' बसवले. नॅट आणि मरुत या लढाऊ विमानांसाठी हेच इंजिन बंगळुरूमध्ये तयार होत असे. किरणसाठी त्याची ताकद मुद्दाम कमी करून घेतली, तरीही ती व्हायपरच्या दीडपटीहून अधिक भरली. त्यामुळे शस्त्रांचे ओझे घेऊनही विमानात जीव राहिला. मार्क २ चे पहिले उड्डाण ३० जुलै १९७६ चे, पण ते प्रत्यक्ष हवाई दलाच्या पदरात पडेपर्यंत ऐंशीचे दशक उजाडले. म्हणजे नवे विमान तर सोडाच, आहे त्या विमानाचा सुधारित प्रकार यायलाही आपल्याला एवढा अवधी लागत होता. मधल्या काळातली तूट भरून काढण्यासाठी सत्तरच्या दशकात पोलंडकडून 'इस्क्रा' ही पन्नास जेट विमाने आणावी लागली आणि ती २००४ पर्यंत वापरात होती, हे आज फारसे कोणाला आठवत नाही.

धावपट्टी

मी हवाई दलात तंत्रज्ञ होतो आणि माझ्या सेवेचा मोठा भाग किरणच्या सहवासात गेला. इथे वैमानिकांविषयी बोलले जाईलच, म्हणून जमिनीवरची बाजू मांडतो.

किरण बुटके विमान आहे. त्याचे हवा ओढणारे दोन्ही मुखभाग धडाच्या दोन्ही बाजूंना आणि जमिनीपासून फार उंच नाहीत. पडलेला एखादा खडा, तुटलेल्या लॉकिंग वायरचा (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधलेल्या तारेचा) तुकडा किंवा निसटलेला रिव्हेट आत ओढला गेला, तर कॉम्प्रेसरची (इंजिनात हवा दाबणाऱ्या भागाची) पाती दातरे पडल्यासारखी होतात. म्हणून पहाटे पहिल्या उड्डाणापूर्वी आम्ही एका ओळीत, हाताच्या अंतरावर उभे राहून विमाने उभी राहतात तो संपूर्ण टारमॅक पायी पालथा घालत असू. मान खाली, नजर पायांसमोर दोन हातांवर. हैदराबादच्या उन्हाळ्यात सकाळी सहालाही डांबर कोमट लागत असे. ज्याला तारेचा तुकडा सापडे, तो हात वर करून दाखवी आणि तो कुठून आला असावा याची चौकशी लगेच सुरू होई. कोणत्या विमानाच्या कोणत्या बोल्टची वायर कमी आहे, हे सापडल्याशिवाय ते विमान उडत नसे.

हे विमान आम्हांला आवडे, कारण ते दुरुस्तीला सोपे होते. झाकणे उघडली की हात आत पोहोचत असे. दिवसातून कितीतरी वेळा उतरून पुन्हा उडणारे विमान असेच असावे लागते. शिकाऊ मुले धावपट्टीवर आदळतात, टायर घासतात, ब्रेक तापवतात. लढाऊ विमानाच्या चाकांना असा मार रोज बसत नाही. प्रशिक्षण विमान दुय्यम असते, असे मानणाऱ्याने एकदा त्याच्या अंडरकॅरेजची (चाके आणि त्यांच्या आधाराची) नोंदवही उघडून पाहावी.

सह्याद्रीवारा

मी थोडा वेगळा सूर लावतो. वारसदार आला नाही याचे एवढे दुःख का करावे? पिलाटसमध्ये आज जी उपकरणे आहेत, ती किरणच्या कॉकपिटमध्ये नव्हती. त्याच्या पुढच्या टप्प्यावर हॉक आहे. पिलाटसवर अधिक तास उडवून मुलाला थेट हॉकवर बसवावे, असा विचार आपल्याकडेही झालेला आहे. तो स्वीकारला तर मधल्या जेटची पायरीच गळून पडते आणि सितारावर झालेला खर्च हा कालबाह्य गरजेवरचा खर्च ठरतो. अमेरिकेनेही 'टी-३७' हे छोटे जेट बाजूला करून त्या जागी पंख्याचे 'टी-६' आणले. जगाने जो रस्ता सोडला, त्यावर आपण चिकाटीने चालत आहोत.

उलटीगिरकी

सह्याद्रीवारा यांचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे, परंतु मी काही वर्षे किरणवर प्रशिक्षक म्हणून काम केले असल्याने त्यातल्या एका गृहीतकाशी सहमत होऊ शकत नाही. उपकरणे हा शिक्षणाचा एक भाग आहे. पण मुलाचा हात आणि डोके भीतीच्या क्षणी कसे चालतात, हे तपासण्याचे साधन वेगळे असते आणि ते साधन म्हणजे स्टॉल आणि स्पिन.

ज्यांना याची कल्पना नाही, त्यांच्यासाठी सांगतो. विमानाचा वेग कमी होत गेला आणि नाक वर राहिले की एका मर्यादेनंतर पंखावरून वाहणारी हवा पंखाला सोडते. याला स्टॉल म्हणतात. त्याच क्षणी एक पंख दुसऱ्याआधी मान टाकू लागला आणि पायांनी चालवायचे रडर (शेपटीवरचे सुकाणू) वाकडे पडलेले असले, तर विमान त्या बाजूला कलंडते आणि स्वतःभोवती गिरक्या घेत खाली येऊ लागते. हा स्पिन. समोरच्या काचेत आकाश नसते. शेते, तळी आणि रस्ते गोल फिरत असतात. अशा वेळी माणसाची पहिली ऊर्मी स्टिक (हातातला नियंत्रण-दांडा) आपल्याकडे खेचण्याची असते, आणि नेमके तेच करायचे नसते. थ्रॉटल बंद, गिरकीच्या विरुद्ध बाजूचे रडर पूर्ण दाबायचे, स्टिक पुढे न्यायची, गिरकी थांबली की रडर मध्यावर आणून विमान अलगद वर काढायचे. सांगायला चार ओळी, पण पहिल्यांदा करताना शिष्याची बोटे स्टिकवर पांढरी पडलेली मी कितीदा पाहिली आहेत.

ती मला दिसत, कारण किरणमध्ये गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसतात. शिष्य डावीकडे, प्रशिक्षक उजवीकडे. त्याची नजर वेगदर्शकावर आहे की बाहेर भरकटली आहे, त्याने श्वास रोखला आहे का, पाय रडरवर ताठ झाले आहेत का, हे मान किंचित वळवली की कळते. हॉकमध्ये प्रशिक्षक मागे बसतो. तिथे त्याला शिष्याचे हेल्मेट आणि आवाज एवढेच मिळते. म्हणून हॉकच्या आधीची पायरी महत्त्वाची आहे, असे मी मानतो.

आता मूळ प्रश्न. सितारा नेमके इथेच अडले. स्टॉलच्या वेळी विमान एका बाजूला तीव्रपणे कलंडत असे, आणि जे विमान स्टॉलमध्ये भरवशाने वागत नाही, त्यावर विद्यार्थ्याला स्पिन शिकवता येत नाही. लढाऊ विमानात संगणक वैमानिकाला त्या मर्यादेपर्यंत जाऊच देत नाही. प्रशिक्षण विमानाला मात्र ती मर्यादा रोज ओलांडावी लागते आणि सुखरूप परतावे लागते. त्यामुळे वायुगतिशास्त्राच्या दृष्टीने त्याची कसोटी अधिक कठीण असते. गगनवेध म्हणतात त्याप्रमाणे आपण प्रशिक्षण विमानाला दुय्यम मानले हे खरे, पण ते बनवायला सोपे आहे असेही मानले, आणि मोठी चूक ती होती.

प्रश्नचिन्ह

उलटीगिरकी यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. सितारावरचा तो दोष पुढे दूर झाला का?

टर्बोफॅन

झाला, पण त्यात कित्येक वर्षे गेली. उभे शेपूट मागे सरकवावे लागले आणि रडरचा पृष्ठभाग वाढवावा लागला. या बदलांसह विमान एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा उडू लागले आणि जानेवारी २०२२ पर्यंत डावीकडे व उजवीकडे अशा दोन्ही दिशांना सहा सहा गिरक्यांचा स्पिन करून त्यातून बाहेर पडण्याची क्षमता त्याने दाखवली. २०२५ च्या 'एरो इंडिया'त त्याचे 'यशस' असे नवे नाव जाहीर झाले. इंजिनाचाही इतिहास आहे. पहिली उड्डाणे फ्रेंच 'लारझॅक' इंजिनावर झाली, नंतर रशियन 'एएल-५५आय' निवडले गेले आणि ते प्रत्यक्ष बसवून उडायला २००९ उजाडले. विमानाची आखणी आणि इंजिनाचा विकास अशी दोन्ही घोंगडी एकाच वेळी भिजत पडली की काय होते, त्याचे हे उदाहरण आहे.

वास्कोकर

गोव्याच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण किरणचे आणि दाबोळीचे नाते जुने आहे. नौदलाच्या वैमानिकांसाठी 'आयएनएस हंसा' या तळावर किरण विमाने होती आणि आमच्या लहानपणी वास्को, चिखली, बोगमाळो या पट्ट्यात त्यांचा आवाज रोजचाच होता. २००३ मध्ये याच तळावर 'सागर पवन' हे नौदलाचे हवाई कसरतींचे पथक किरण मार्क २ घेऊन उभे राहिले. स्वतःचे कसरत पथक असलेली नौदले जगात मोजकीच आहेत. ३ मार्च २०१० रोजी हैदराबादच्या बेगमपेठ येथे प्रदर्शनादरम्यान त्यांचे एक विमान कोसळले आणि दोन्ही वैमानिक गेले. त्या दिवशी वास्कोत कितीतरी घरांत चूल पेटली नाही, एवढी ती माणसे आमच्यातली होती.

बोगमाळोच्या नौदल वायुसंग्रहालयात दोन आसनी व्हॅम्पायर ठेवलेले आहे. ज्यांना गुरू-शिष्यांची शेजारी शेजारी बैठक म्हणजे काय हे पाहायचे असेल, त्यांनी ते आवर्जून पाहावे. दोन प्रौढ माणसे खांद्याला खांदा लावूनच बसू शकतील एवढी ती जागा आहे. किरणने ही बैठक आपल्या आधीच्या विमानाकडून घेतली, मात्र कॉकपिट पुष्कळ ऐसपैस केले.

नौदलाची एक अडचण या चर्चेत यायला हवी. विमानवाहू जहाजावर उतरण्याचे शिक्षण किरणवरही मिळत नाही आणि आपल्या हॉकवरही नाही. त्यासाठी आपल्या काही वैमानिकांना अमेरिकेत 'गॉसहॉक'वर पाठवले गेले.

अँगलसीकर

वास्कोकर यांनी गॉसहॉकचे नाव घेतले म्हणून लिहितो. हॉक कुटुंबातल्या प्रकारांकडे पाहिले, तर गगनवेध यांच्या प्रश्नावर दुसऱ्या बाजूने उजेड पडतो. मी वेल्समध्ये राहतो आणि ब्रिटिश हवाई दलाचा व्हॅली तळ माझ्या घरापासून दूर नाही. आपल्याकडे हॉक येण्यापूर्वी भारतीय प्रशिक्षणार्थीही इथे शिकून गेले आहेत.

हॉक २१ ऑगस्ट १९७४ रोजी प्रथम उडाले, म्हणजे किरणनंतर जवळजवळ एका दशकाने. ब्रिटिश हवाई दलाचा 'टी१' हा मूळ प्रकार. शीतयुद्धाच्या काळात त्यातल्या काहींना हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे देऊन 'टी१ए' केले. निर्यातीसाठी ५० आणि ६० या मालिका निघाल्या, ज्या फिनलंड, केनिया, इंडोनेशिया, झिम्बाब्वे अशा देशांनी घेतल्या. मग १०० मालिका आली, तिचे नाक लांबलेले आणि पंख सुधारलेले. २०० मालिका एकाच आसनाची आणि नाकात रडार असलेली, जवळजवळ हलके लढाऊ विमानच. ती ओमान, मलेशिया आणि इंडोनेशियाने घेतली. आणि अमेरिकी नौदलासाठी 'टी-४५ गॉसहॉक'. जहाजाच्या डेकवर विमान अलगद टेकवत नाहीत, आपटतात, म्हणून त्याची चाके आणि त्यांचा आधार नव्याने बांधला, पुढे दोन चाके दिली, शेपटाखाली तार पकडणारा आकडा लावला आणि पोटाखालचा एअरब्रेक काढून धडाच्या दोन्ही बाजूंना नेला. वरून पाहणाऱ्याला ते हॉकच वाटते, पण आतून पुष्कळसे वेगळे विमान आहे.

इथे वेल्सच्या स्नोडोनिया या डोंगराळ प्रदेशाच्या दक्षिण भागात डोंगरांमधली एक अरुंद वाट आहे, जिथून जेट विमाने अगदी खालून जातात. कड्यावर उभे राहिले की विमान आपल्या पायांखालून जाते आणि कॉकपिट वरून दिसते. हॉकमध्ये मागचे आसन पुढच्यापेक्षा बरेच उंच असल्याचे तिथून स्पष्ट कळते. पुढचे हेल्मेट वळणाच्या दिशेला कललेले असते आणि मागचे त्याच्या डोक्यावरून त्याच दिशेला पाहत असते. म्हणून उलटीगिरकी यांच्याशी आदरपूर्वक असहमती नोंदवतो. पुढे बसलेल्या मुलाला शेजारी कोणी दिसत नाही, हीच हॉकची शिकवण आहे. उद्या लढाऊ विमानात तो एकटाच असणार आहे.

माझा मुद्दा असा की ब्रिटिशांनी हॉक एकदा आखून थांबवले नाही. ते पन्नास वर्षे त्यालाच घडवत राहिले. आपण किरणचा मार्क २ केला आणि हात आखडता घेतला.

मीनल_ब

अँगलसीकर, तुमच्या प्रतिसादामुळे मला एक जुनी गोष्ट आठवली. १९८२ मध्ये ला फाँटेन समितीने भारताला प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे असे सांगितले होते आणि हॉकचा करार झाला मार्च २००४ मध्ये. या बावीस वर्षांत आपली मुले किरणवरून उतरून थेट मिग-२१ च्या दोन आसनी प्रकारावर बसत होती. ते विमान ज्या वेगाने धावपट्टीवर उतरते, तो वेग किरणवरून आलेल्या मुलासाठी केवढा वाटत असेल! मिग-२१ च्या अपघातांत तरुण मुलगा गमावलेल्या पुण्यातल्या एका दांपत्याने हवाई सुरक्षेसाठी जो लढा दिला, त्याच्या बातम्या आम्ही कॉलेजात असताना वाचत होतो. त्या काळात 'उडत्या शवपेट्या' हा शब्द सर्रास वापरला जाई आणि दोष त्या विमानाला दिला जाई. मधली पायरी गायब आहे, हे मात्र फार थोडे लोक बोलत.

म्हणून मला वाटते, सह्याद्रीवारा यांनी पायरी गाळण्याची सूचना करण्यापूर्वी हा काळ आठवावा.

सह्याद्रीवारा

मीनल_ब, तो काळ मी विसरलेलो नाही. तेव्हा गाळलेली पायरी तिसरी होती; मी दुसरीबद्दल बोलत आहे. किरण ते मिग-२१ ही दरी आणि पिलाटस ते हॉक ही दरी सारखी नाही. पिलाटसचे इंजिन आणि कॉकपिट दोन्ही मुलाला पुढच्या टप्प्यासाठी तयार करतात. पैसा मर्यादित असेल, तर तो हॉकची संख्या, सुटे भाग आणि सिम्युलेटर यांवर खर्च व्हावा, एवढेच माझे म्हणणे.

टर्बोफॅन

अँगलसीकर यांनी हॉक २०० चा उल्लेख केला, त्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. प्रशिक्षण विमानाला शस्त्रे देण्यात गैर काही नाही; किरण मार्क १ए आणि मार्क २ यांच्यावर रॉकेट आणि बॉम्ब टाकण्याचे धडे दिले गेले, कारण तोही शिक्षणाचाच भाग आहे. आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने 'हॉक-आय' या नावाने तोच प्रयोग पुढे नेला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यावरून धावपट्ट्या उद्ध्वस्त करणाऱ्या देशी अस्त्राची चाचणी घेतली. पण एकदा लढाऊ उपयोगाची गोडी लागली की प्रत्येक तुकडीला ते विमान आपल्याकडे हवे असते आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारे तास घटतात.

उलट प्रकारही आपण पाहिला आहे. 'सूर्यकिरण' पथक १९९६ पासून बिदरला किरण मार्क २ घेऊन हवाई कसरती करत होते. २०११ मध्ये ते थांबवावे लागले, कारण दीपक विमाने २००९ मध्ये जमिनीवर बसल्यावर शिकवण्यासाठी किरणच अपुरी पडू लागली. देशाचे सर्वांत लाडके पथक प्रशिक्षणासाठी विमाने देऊन मोकळे झाले, हा निर्णय मला फार योग्य वाटतो. २०१५ मध्ये ते हॉकवर पुन्हा उभे राहिले. जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर ज्यांनी त्यांना पाहिले, ते हेच हॉक मार्क १३२.

ओझरकर

आमच्या नाशिकची बातमी या धाग्यात हवी. ओझरच्या कारखान्यात १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस मार्क १ए च्या तिसऱ्या उत्पादन साखळीबरोबरच 'एचटीटी-४०' या प्रशिक्षण विमानाच्या दुसऱ्या साखळीचेही उद्घाटन झाले. वर्तमानपत्रांनी तेजसचे मोठे फोटो छापले. एचटीटी-४० ला मथळ्यात जागा मिळाली नाही. हे पंख्याचे विमान ३१ मे २०१६ रोजी प्रथम उडाले आणि मार्च २०२३ मध्ये हवाई दलाने अशा ७० विमानांचा करार केला. मध्यंतरी एकदा हवाई दलालाच ते नको होते, पण कारखान्याने आपल्या पैशांतून काम चालू ठेवले. मिगच्या काळापासून आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या विमाने बांधणारे हात आहेत. शिकवणारे विमान आता इथे बांधले जाणार, याचा आम्हांला मनापासून अभिमान वाटतो.

गगनवेध

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो.

मी धागा काढताना इच्छाशक्तीवर बोट ठेवले होते. चर्चेतून माझ्या मते तीन वेगळ्या गोष्टी पुढे आल्या आणि त्यांतली दुसरी मला सर्वांत वजनदार वाटते. इतिहासवेडा यांनी दाखवले की प्रशिक्षण विमान लढाऊ विमानाच्या मागे उभे राहत आले. उलटीगिरकी यांनी दाखवले की ते आखणे अधिक सोपे असते हा समजच चुकीचा होता, कारण त्याला स्टॉल आणि स्पिन या मर्यादांपलीकडे रोज जाऊन परतावे लागते. आणि अँगलसीकर यांनी दाखवले की एक विमान आखून न थांबता त्याच्यावर दशकानुदशके काम करणारा चमू टिकवावा लागतो. किरण आणि सितारा यांच्यामध्ये जवळजवळ चाळीस वर्षे गेली. जेट प्रशिक्षण विमानाचा स्पिन ज्यांनी प्रत्यक्ष अभ्यासला होता, ते अभियंते तोपर्यंत निवृत्त झाले असणार. नव्या पिढीला तोच धडा परदेशी सल्लागारांच्या मदतीने पुन्हा गिरवावा लागला.

सह्याद्रीवारा यांच्या मुद्द्याला मात्र अजून पूर्ण उत्तर मिळालेले नाही. यशस आता स्पिनमध्ये नीट वागत असेल, तर त्याला दुसऱ्या पायरीवर जागा द्यावी की पिलाटस आणि हॉक यांनाच पुरे मानावे?

उलटीगिरकी

गगनवेध, मी माझे मत सांगतो. यशस घ्यावे, पण संख्या थोडी ठेवावी आणि प्रथम ते प्रशिक्षकांच्या हाती द्यावे. एका तुकडीतले निम्मे विद्यार्थी पिलाटसवरून थेट हॉकवर न्यावेत आणि निम्मे यशसमार्गे. हॉकवर एकट्याने उडेपर्यंत कोणाला किती तास लागले, आणि किती जण मागे पडले, याची नोंद ठेवावी. एक वर्षात उत्तर कागदावर येईल आणि मग आपल्यापैकी कोणालाही तर्क लढवण्याची गरज उरणार नाही.

अँगलसीकर, शेजारी कोणी दिसत नाही ही शिकवण आहे, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. फक्त ती पहिल्या स्पिनच्या दिवशी देऊ नये.

धावपट्टी

उलटीगिरकी साहेबांच्या सूचनेत एक भर. तासांच्या नोंदीबरोबर टायर आणि ब्रेक बदलल्याचीही नोंद ठेवा. कोणत्या विमानावरून आलेला विद्यार्थी हॉक कसा उतरवतो, हे वैमानिकाच्या आधी चाकांना कळते.